कचरा आमचा, धूर गोवंडीचा

जानेवारी २०१६ चा शेवटचा आठवडा. गोवंडीतल्या बैंगनवाडीत राहणाऱ्या आमच्या खालाचा सकाळीच फोन आला. सलाम-दुआ पूर्ण होण्याआधीच तिला खोकल्याची उबळ आली. "डम्पिंगला आग लागलीय. दारे-खिडक्या लावून बसलोय. ओढण्या भिजवून फटींत कोंबल्या, तरी धूर आत येतोच आहे," ती म्हणाली. आम्हाला वाटले, दोन-चार तासांत विझेल. पण ती धुमसतच राहिली. देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराचा धूर मुंबईवर दिवसेंदिवस तरंगत होता. आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. उपग्रहाने काढलेल्या छायाचित्रातही तो धूर दिसला. मार्चमध्ये पुन्हा आग लागली.

त्या दिवसांत जो तो विचारत होता, आग लावली कोणी? आम्हीही तेच विचारत होतो. मुंबईच्या मध्यवस्तीतल्या आमच्या इमारतीतून रोज सकाळी निघणाऱ्या पिशव्या जातात कुठे, हे मात्र आम्ही तोवर कधी कोणाला विचारले नव्हते. पिशवी दाराबाहेर ठेवली की आमच्यापुरता विषय संपत असे.

देवनारची क्षेपणभूमी १९२७ पासून आहे. सुमारे १३२ हेक्टर जागा, एका बाजूला ठाण्याची खाडी. तिच्या पायथ्याशी आज जी दाट वस्ती आहे ती बरीच नंतर आली, आणि पुष्कळशी आणली गेली. १९७० च्या दशकात शहरातल्या झोपडपट्ट्या उठवून लोकांना शिवाजी नगर, बैंगनवाडी भागात वसवण्यात आले. १९९२-९३ च्या दंगलींनंतर जीव मुठीत धरून आणखी कितीतरी मुस्लिम कुटुंबे इकडे सरकली. महापालिकेच्या 'एम पूर्व' विभागात हा भाग येतो. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात साऱ्या शहरात सर्वांत खाली होता तो हाच विभाग. म्हणजे शहराने आपला कचरा आणि आपली गरीब माणसे एकाच जागी नेऊन ठेवली. खालाचे सासर तिथलेच. तिच्या दोन्ही नातवंडांना दम्याचा त्रास आहे. डॉक्टर औषध लिहून देतात आणि हवा बदला म्हणतात. हवा बदलायची कशी, ते कोणी लिहून देत नाही.

आता कचरा पेटतो कसा, हे थोडे समजून घेतले पाहिजे, कारण सरकारी धोरणाची सगळी मांडणी त्यावर उभी आहे. आपल्या घरातल्या कचऱ्यात निम्म्याहून अधिक भाग स्वयंपाकघरातला असतो. कांद्याच्या साली, चहाचा चोथा, उरलेला भात, हाडे, फळांची टरफले. हे मोकळ्या हवेत मातीशी मिसळले तर खत होते. पण प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून, हजारो टन ढिगाखाली दाबले गेले, की हवेविना कुजते आणि त्यातून मिथेन वायू निघतो. मिथेन म्हणजे जळणारा वायू. वर आपणच टाकलेले प्लास्टिक, कागद, चिंध्या असतात. एखादी ठिणगी पुरते. शिवाय कुजलेल्या कचऱ्यातून काळे पाणी झिरपते, ते जमिनीत आणि खाडीत जाते. ओले आणि सुके एकमेकांत मिसळले नाही, तर ओल्याचे खत किंवा गॅस होतो, सुके भंगारात विकले जाते, आणि डोंगरावर टाकायला फार थोडे उरते.

नेमके हेच सरकारने कायद्यात लिहिले आहे. ८ एप्रिल २०१६ रोजी, म्हणजे देवनारच्या त्या आगींनंतर काही आठवड्यांतच, केंद्राने घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ जाहीर केले. त्यापूर्वी २००० सालचे नियम होते, पण त्यांत मुख्य जबाबदारी पालिकांवर होती. नव्या नियमांनी ती घराच्या उंबरठ्यापर्यंत आणली. त्या नियमांनुसार प्रत्येक घराने कचरा तीन भागांत वेगळा करूनच द्यायचा होता: ओला, सुका आणि घरगुती घातक, म्हणजे जुनी औषधे, बॅटऱ्या, रंगाचे डबे वगैरे. कचरा उघड्यावर टाकायचा नाही, जाळायचा नाही, गटारात सोडायचा नाही. पालिकेने तो दारातून गोळा करायचा आणि वेगवेगळाच न्यायचा. क्षेपणभूमीवर जायचे ते फक्त ज्याचा काहीच उपयोग नाही, जे कुजत नाही, जळत नाही आणि पुन्हा वापरता येत नाही असे. मोठ्या सोसायट्यांनी आणि संस्थांनी आपला ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवायचा. मुंबई महापालिकेने त्याच आधारे २०१७ च्या २ ऑक्टोबरपासून, २० हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या किंवा दिवसाला १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या आवारांना हे बंधनकारक केले.

नियम उत्तम आहेत. मग अडले कुठे?

पहिल्यांदा आपलेच पाहू. आमची इमारत १०० किलोवाली नाही, पण हिरवा आणि निळा असे दोन डबे आमच्याकडेही आले. जिन्याखाली ते थाटात ठेवले गेले. महिन्याभरात हिरव्यात दुधाच्या पिशव्या आणि निळ्यात बिर्याणी दिसू लागली. बैठकीत आम्ही विषय काढला तेव्हा एक बुजुर्ग म्हणाले, "आम्ही कचऱ्याचे पैसे भरतो, वेगळे करायला माणसे आहेत." ती 'माणसे' म्हणजे कोण, ते सगळ्यांना ठाऊक होते. पाकीला इमानाचा भाग मानणारे आपण. वुजूला बसलो की कोपर कोरडे राहू नये म्हणून जपतो. पण घरातली नापाक घाण दुसऱ्याने हाताने चिवडावी, यात आपल्याला काही वाटत नाही. रस्त्यातला काटा बाजूला करण्यालाही प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सदका म्हटले आहे, आणि शेजाऱ्याला त्रास देणाऱ्याबद्दल त्यांची ताकीद किती कडक होती, तेही आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. शेजारी म्हणजे भिंतीपलीकडचाच, असे कोणी ठरवले?

दुसरा दोष व्यवस्थेचा, आणि तो लहान नाही. अनेक शहरांत लोक कचरा वेगळा देतात आणि गाडीत तो एकत्र होतो. असे एकदा डोळ्यांनी पाहिले की घरातली बाई दुसऱ्या दिवशी दोन डबे ठेवत नाही, आणि तिला दोष कसा द्यावा? त्यामागे हिशेबही आहे. बऱ्याच ठिकाणी कंत्राटदाराला पैसे मिळतात ते वाहून नेलेल्या वजनावर. ओला कचरा मिसळला की वजन वाढते. कचरा कमी झाला तर ज्याचे उत्पन्न घटते, त्याच्याच हाती कचरा कमी करण्याचे काम दिलेले असते. दंडाची पावती मात्र घराच्या नावाने फाटते. २०२५ मध्ये मुंबई महापालिकेने घरागणिक कचरा शुल्क सुचवणारा मसुदा काढला. लहान घराला महिना १०० रुपयांपासून मोठ्या घराला हजारापर्यंत. पैसे द्यायला हरकत नसावी, पण आधी गाडीतले दोन कप्पे खरोखर वेगळे आहेत, हे लोकांना दिसले पाहिजे.

न्यायालयेही या प्रश्नावर थकली असावीत. कचऱ्याची सोय नाही म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१६ मध्ये शहरात नव्या बांधकामांना परवानगी देण्यावरच बंदी घातली होती. ती दोन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त सैल केली. मुलुंडची क्षेपणभूमी २०१८ मध्ये बंद झाली. आज मुंबईचा बहुतेक कचरा कांजूरमार्गला जातो आणि दुर्गंधीची तक्रार आता विक्रोळी-कांजूरचे लोक करतात. ती जागाही वादात आहे. २०२५ च्या मे महिन्यात उच्च न्यायालयाने तिथली जवळपास १२० हेक्टर जमीन संरक्षित वन ठरवली आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. डोंगर एका दारातून उठून दुसऱ्या दारात जातो, एवढेच सध्या चालले आहे.

कचरा जाळून वीज करावी, हा एक मार्ग सरकारला प्रिय आहे. देवनारलाही रोज ६०० टनांचा तसा प्रकल्प ठरला. पण ओला कचरा नीट जळत नाही, आणि अर्धवट जळालेल्या मिश्र कचऱ्याचा धूर जास्त घातक असतो. दिल्लीत ओखल्याच्या अशा प्रकल्पाशेजारी हाजी कॉलनीसारख्या वस्त्या आहेत. २०१२ मध्ये तो सुरू झाल्यापासून तिथले रहिवासी राख आणि धुराविरुद्ध भांडत आले आहेत. तिथेही मूळ अडचण तीच, कचरा वेगळा होऊन येत नाही.

ज्यांनी वेगळा केला त्यांची उदाहरणे आपल्याच राज्यात आहेत. कोकणातले वेंगुर्ले घ्या. छोटी नगर परिषद, तिजोरी बेताची. २०१५ नंतर तिथले तत्कालीन मुख्याधिकारी रामदास कोकरे यांनी घरोघरी फिरून लोकांना वेगळा कचरा द्यायची सवय लावली. मिसळलेला कचरा घ्यायचाच नाही, असा शिरस्ता ठेवला. ओल्यापासून बायोगॅस आणि खत, प्लास्टिकचे तुकडे करून डांबरी रस्त्यांत, पालापाचोळ्याच्या कांड्या जळणासाठी. जुन्या कचरा डेपोवर बाग झाली आणि लोक तिकीट काढून ती पाहायला येऊ लागले. पुढे कल्याण-डोंबिवलीत गेल्यावर त्याच पद्धतीने काम करून २०२१ मध्ये आधारवाडीच्या डम्पिंगवर कचरा टाकणे थांबवण्यात आले. कल्याणसारख्या लाखो वस्तीच्या शहरात हे झाले, म्हणून 'छोट्या गावात ठीक आहे' हा आक्षेप टिकत नाही. मुंबई अर्थातच त्याहून फार मोठी आहे, रोजचा सहा हजार टनांहून अधिक कचरा. पण मुंबईही शेवटी मोहल्ल्यांचीच बनलेली आहे.

पुण्याचे उदाहरण वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचे. तिथे १९९३ पासून कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची संघटना आहे आणि तिच्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली. २००८ पासून पुणे महापालिकेशी करार करून तिच्या कचरावेचक महिला ओळखपत्रासह घरोघरी कचरा घेतात. सुक्यातला विकाऊ माल त्यांचा. उकिरड्यावर वाकून जे काम त्या करत होत्या, तेच दारात उभे राहून, हक्काने. २०१६ च्या नियमांतही कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यायला सांगितले होते. हे वाक्य गोवंडीत कोणी नेऊन वाचून दाखवले, तर तिथल्या बायका हसतील. आगीनंतर देवनारवर पहारा आणि कुंपण वाढले, कचरा वेचायला जाणाऱ्यांना मज्जाव झाला. खालाच्या गल्लीतल्या कितीतरी विधवा आणि टाकलेल्या बायका त्या डोंगरावर पोट भरत होत्या. डोंगर हटावा ही त्यांचीही दुआ आहे. पण त्याच्याबरोबर चूलही विझू नये, एवढे त्यांचे म्हणणे. ओळखपत्र, हातमोजे, सुका कचरा निवडायला छप्पर असलेली जागा, यांपैकी काहीही अशक्य कोटीतले नाही.

आणि आता डोंगर हटवायची भाषा सुरू झाली आहे. स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात, २०२१ पासून, देशातले सगळे जुने ढीग उपसून जमीन मोकळी करायचे ठरले. मुंबई महापालिकेने २०२५ मध्ये देवनारचा सुमारे १८५ लाख टन जुना कचरा चाळून, वेगळा करून हलवण्यासाठी २,३६८ कोटी रुपयांची निविदा काढली. त्याआधी २०२४ मध्ये राज्य सरकारने तिथली सुमारे १२४ एकर जमीन धारावीच्या पुनर्विकासात घरे देण्यासाठी राखून ठेवली होती. म्हणजे धारावीतल्या काही कुटुंबांना, त्यांत आपलीही असतील, शंभर वर्षे कचरा मुरलेल्या जमिनीवर जावे लागेल. जमीन किती स्वच्छ झाली हे कोण तपासणार, आणि तो अहवाल तिथे राहायला जाणाऱ्यांच्या हाती पडणार का, हे आताच विचारलेले बरे. नंतर विचारायला उशीर होतो, हा गोवंडीचा अनुभव आहे.

हे सारे मोठ्या पातळीवरचे झाले. आमच्या बहिणींना रोज ज्याच्याशी काम पडते त्याकडे वळू. भाजीच्या साली, चहाचा चोथा, अंड्याची टरफले घरातच जिरवता येतात. जुन्या बादलीला तळाशी आणि बाजूला भोके पाडा, तळात सुका पालापाचोळा घाला, रोजच्या ओल्या थरावर मूठभर कोरडी माती किंवा पाला टाकत जा. अधूनमधून हलवले तर दोन-अडीच महिन्यांत कुंडीसाठी काळे, मातीचा वास येणारे खत तयार होते. हाडे, मटण-मासळीचे उरलेसुरले त्यात टाकू नये, वास येतो आणि उंदीर येतात. ते पालिकेच्या ओल्या डब्यात. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवून भंगारवाल्याला द्या. ही सवय आमच्या आजीला होती, आम्हीच सोडली.

सॅनिटरी पॅड आणि लहानांचे-बुजुर्गांचे डायपर यांचा विषय घरात कोणी मोठ्याने बोलत नाही, आणि त्यामुळेच ते सुक्या कचऱ्यात गुपचूप जातात आणि निवडणाऱ्या बाईच्या हाताला लागतात. पुण्यात ते कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून द्यायची पद्धत रूढ केली गेली, म्हणजे उघडून पाहावे लागत नाही. मुंबई महापालिकेनेही एप्रिल २०२५ पासून नोंदणी करणाऱ्या सोसायट्यांसाठी असा कचरा वेगळा नेण्याची सेवा सुरू केली. केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या नव्या नियमांच्या मसुद्यातही ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार प्रकार केले होते.

आपल्या सणा-समारंभांबद्दल मात्र थोडे परखड बोलले पाहिजे. २०१६ च्या नियमांत एक तरतूद होती, ती फार थोड्यांना माहीत होती: परवाना नसलेल्या जागी १०० हून अधिक लोकांचा कार्यक्रम करायचा, तर तीन कामकाजाचे दिवस आधी पालिकेला कळवायचे आणि तिथला कचरा वेगळा करून द्यायची जबाबदारी आयोजकाची. म्हणजे मैदानातला वलीमा आणि गल्लीतली इफ्तार पार्टी, दोन्ही त्यात येत होते. रमजानमध्ये मगरिबनंतर आपल्या मोहल्ल्यांतून एक फेरी मारून पाहा. थर्माकोलच्या ताटल्या, सरबताचे पेले, अर्धे खाल्लेले टरबूज, त्यातच सांडलेला हलीम. ताट बोटाने पुसून स्वच्छ करणे ही सुन्नत आपण पाठ केली आहे, आणि इसराफवर बयानही देतो, बहुधा त्याच ताटल्यांसमोर उभे राहून.

ईद-उल-अजहाचे तर आणखी नाजूक. कुर्बानी इबादत आहे आणि तिच्याकडे बोट दाखवायला टपलेलेही कमी नाहीत. म्हणून तरी आतडी-रक्त गटारात जाता कामा नये. पालिका ठरवून देते त्या जागी सामूहिक कुर्बानी केली तर हा भाग एकाच ठिकाणी गोळा होतो आणि उचलताही येतो. कातड्यांचे एक नवेच दुखणे आहे. एके काळी ही कातडी मदरशांना द्यायची आणि त्यातून त्यांचा थोडाबहुत खर्च निघायचा. भाव कोसळल्यापासून कोणी न्यायला येत नाही आणि ती पडून कुजतात. ईदच्या आधी मीठ आणून ठेवणे आणि गोळा करणाऱ्याशी आगाऊ बोलून ठेवणे, हे जमातींनी करायचे काम आहे.

आमच्या मशिदीच्या कमिटीपुढे या शाबानमध्ये आम्ही एवढाच ठराव ठेवला, की यंदा इफ्तारला एकदा वापरून फेकायची ताटली नको, स्टीलची ताटे घेऊ. खजुराच्या बिया आणि फळांच्या सालींसाठी वेगळी टोपली ठेवू. ताटांचे पैसे एका व्यापाऱ्याने लगेच दिले. भांडण झाले ते ती धुणार कोण यावर. बायकांवर ढकलायचा प्रयत्न झाला, तो बायकांनीच हाणून पाडला. शेवटी पहिल्या अशऱ्यासाठी कॉलेजातल्या चार मुलांनी नावे दिली. दुसऱ्या आणि तिसऱ्या अशऱ्याची यादी वुजूखान्याजवळ लावली आहे. खालाला हे फोनवर सांगितले तेव्हा ती हसली आणि म्हणाली, यादी भरली की कळवा. काल असरपर्यंत तीवर एक नाव आले होते.